आतून लागणारी कडी

दवाखान्याच्या बाकावर शिंप्याला बसवत नव्हतं. तो उठायचा, काचेच्या दारातून आत डोकावायचा, परत येऊन बहिणीशेजारी टेकायचा.

"एका जागी बूड टेक की," ताई म्हणाली. "परीक्षा माझी आहे, तुझी नाही."

परीक्षाच होती ती. निदान पुलाखालचे सगळे तिला परीक्षाच म्हणत. नवी कोरी इमारत, खाली दवाखाना, वर खोल्या. रस्त्यावर झोपणाऱ्याला कायमची खोली आणि दारात येऊन औषध देणारी नर्स. देणगीदारांची नावं भिंतीवर एवढी कोरली होती की खोल्या कमी आणि नावं जास्त. त्यामुळे खोली कोणाला द्यायची हे डॉक्टरांच्या तपासणीवर ठरायचं. खोली मिळाली तो पास, पुलाखाली परत आला तो नापास.

ज्यांना घरं आहेत त्यांना जन्मात कोणी विचारत नाही, तू छपराच्या लायक आहेस का म्हणून. यांना मात्र रक्त-लघवी देऊन लायकी सिद्ध करावी लागते. वर हात जोडून आभार मानायचे ते वेगळेच.

मागच्या खेपेला ताई थोडक्यात हुकली होती. डॉक्टरीणबाईंनी हसून तिची पाठ थोपटली आणि खोल्या वाटणाऱ्या साहेबांनी तिचं नाव कापलं. पुलाखाली परत अंथरूण टाकावं लागलं.

तिला तिथं झोपच लागायची नाही. पांघरूण ओढणारा हात दर वेळी थंडीनं काकडणाऱ्याचा नसतो, हे रस्त्यावर झोपणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. शिंपी शिलाई मशीनला पाठ टेकून राखण करायचा, पण तोही माणूसच, डोळा लागायचा. ताईला खोलीत खिडकी नको होती, पंखा नको होता. दाराला आतून लागणारी कडी हवी होती, बस.

म्हणून यंदा शिंप्यानं सगळा कारभार आपल्या हातात घेतला. ताईच्या गोळ्यांची पिशवी मशीनच्या खणात कुलूपबंद केली. तिच्यावर सोडून मागं काय झालं ते दिसलंच होतं. खाण्यापिण्यातही हयगय केली नाही. तिला खारे दाणे आवडायचे, तर रोज पुडी हजर. एवढे लाड माझ्या नवऱ्यानं केले असते तर मी इथं कशाला आले असते, असं ती म्हणायची आणि पुडी संपवायची.

शेजारी झोपणारा हमाल दोघांची टर उडवायचा. वर कोणी फार दिवस टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. मागच्या खेपेची फुलवाली बघा, पडदे लावून होतात न होतात तोच खोली रिकामी. ताई म्हणायची, जळतोय मेला. तिला तर फुलवालीचीच खोली मिळायची होती, म्हणजे पडदेही फुकटात.

"पडदे मी नवे शिवणार," शिंपी आता बाकावरून म्हणाला. "दुसऱ्याचे कशाला?"

सोबत एक माणूस चालतो, असं साहेबांनी कबूल केलं होतं. मशीन कुठल्या भिंतीला लावायचं ते त्यानं मनात पक्कं करून टाकलं होतं. त्याच्या पायांना नुसती घाई सुटली होती.

"चपला घाल. बोलावतील एवढ्यात."

त्यानंच आणलेल्या नव्या चपला ताईनं मांडीवर धरल्या होत्या. "जात नाहीत रे. शिंपी म्हणवतोस आणि सख्ख्या बहिणीच्या पायाचं माप येत नाही तुला."

दोघंही हसत सुटले. बाकावरच्या इतरांनी वळून पाहिलं. हसणं थांबल्यावर ताईला दम लागला, पण चेहऱ्यावर तेज होतं. आपण आपल्या परीनं काही बाकी ठेवलेलं नाही, असं ती पुन्हा एकदा म्हणाली. शिंप्यानं मान हलवली.

नर्सनं दार उघडून शिंप्याला एकट्यालाच आत बोलावलं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडलेला होता. शिंप्याला वाटलं, गेलं, याही वेळी गेलं. त्या हळू आवाजात समजावत होत्या, मध्येच थांबत होत्या, पुन्हा सांगत होत्या. तो एकेक शब्द नीट ऐकत होता, पण नजर साहेबांच्या हातावर होती. साहेबांनी नेहमीप्रमाणे नाकाला रुमाल लावला होता. दुसरा हात टेबलाच्या खणात गेला, बाहेर आला, आणि त्यांनी एक किल्ली टेबलावरून शिंप्याकडे सरकवली.

शिंप्यानं ती झडप घालून उचलली. साहेबांच्या पाया पडायचंही विसरला. डॉक्टरीणबाई मागून हाका मारत होत्या, त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं. तो दार ढकलून बाहेर धावला, बाकासमोर गुडघ्यांवर बसला आणि किल्ली ताईच्या हातात कोंबली. त्याला रडू येत होतं, हसूही येत होतं.

"पास झालीस, ताई."

तिनं किल्ली उलटसुलट करून पाहिली. "चेष्टा नको करूस. मागच्यासारखं नाही ना? परत तपासून नाही म्हणतील."

"आता कोण नाही म्हणतंय," शिंपी तिचे दोन्ही हात गच्च धरून म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. दोन्ही किडन्या फेल."