बाथटबमधले केस

तलावाकाठच्या त्या भाड्याच्या बंगल्यातून पाहुणे निघाले की डेल्फीनाच्या फोनवर आपोआप निरोप यायचा: ‘घर रिकामं झालं. साफसफाईला या.’

त्या सकाळी बाथटबच्या जाळीत केसांचा कोमट, बुळबुळीत गुंता अडकला होता. नाक मुरडून तिने तो उपसला. घरी पोहोचते तोच पुन्हा तोच निरोप. परत आली, तर जाळी पुन्हा भरलेली.

तिने मॅनेजर ब्रेंटला फोन लावला. "अरे, कोण ही घाण करून जातंय?"

"अगं, आठवडाभर तिथे कुणीच नाहीये! थांब, ते निरोपच बंद करतो."

फोन बाजूला ठेवून तिने गुंता मुठीत धरला. फोन वाजला: ‘पाहुणे अजून आत आहेत.’

जाळीखालून कुणीतरी ते केस ओढले.