पाय आत की बाहेर

कॉलेजांच्या कबड्डी फायनलमध्ये कळंबची पोरं एका गुणानं हरली आणि मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर वाद पेटला. "शेवटच्या चढाईत आपल्या गड्याचा पाय आतच व्हता राव! पंचबाईला दिसलंच न्हाई." पंच यशोधराचा नवरा बुद्धभूषण तिथंच चहा पीत होता. पंचांच्या परीक्षेला दोघं बरोबरच बसले होते. ती पास झाली, तो नापास. पाय रेषेबाहेर पडलेला त्यानं पाहिला होता. "भाऊ, तुमी जुने खेळाडू. तुमीच सांगा," एकजण म्हणाला. समोर यशोधरा गळ्यातली शिट्टी सावरत पाहुण्यांच्या रांगेत फोटोला उभी होती. त्याला ते बघवेना. "आतच व्हता," तो म्हणाला. यशोधरा टपरीशी येताच पोरांनी तिला घेरलं. "यांनाच इचारा. रेषेपाशी हेच बसले व्हते," ती निर्धास्तपणे म्हणाली. "इचारलं, वहिनी," चहावाला म्हणाला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं रिकामा कप तोंडाला लावला.