गोलाबाहेर

पत्नी चंदा गेल्यापासून शामराव दिल्लीत द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. करमणूक म्हणून गुरुग्रामच्या नातीनं, लुंबिनीनं, त्यांना आपल्या फॅन ग्रुपमध्ये घातलं. एका मालिकेतला कालप्रवासी खराच आहे, असं गमतीनं सिद्ध करायला ही मंडळी जुने फोटो हुडकत आणि तो ‘सापडला’ की भोवती लाल गोल काढत.

आज १९८१ सालचा आर. के. पुरमच्या बसस्टॉपचा फोटो आला. लुंबिनीनं लगेच फोन केला, "आजोबा, बिल्कुल तोच कोट! आता तरी मानता ना?"

शामरावांनी गोलाबाहेरचा कोपरा मोठा करून पाहिला. तिथे तरुण चंदा मनगटावरचं घड्याळ बघत उभी होती.

त्यांनी ग्रुपवर पहिल्यांदाच काही लिहिलं.


"याच्या पाच मिनिटांनंतरचा फोटो आहे का कुणाकडे? मी पोचतच होतो."