फक्त ओठ हलव

सोमवारी शाळेचा झेंडा अर्ध्यावर होता. कुणीतरी गेलं, हे मुलांनी फाटकातूनच ओळखलं. कोण, ते सभागृहात कळलं. सातवीची वर्गशिक्षिका बेंटे; इथे मुलं मोठ्यांनाही नावानेच हाक मारतात. रविवारी तिचं हृदय बंद पडलं होतं. त्या सभागृहात अख्खी शाळा रोज सकाळी उभी राहून गाणं म्हणते. त्या दिवशी पियानो कुणी उघडला नाही.

शुक्रवारी बेंटेचा नवरा प्रेबेन केक घेऊन सातवीच्या वर्गात आला. शुक्रवारचा शेवटचा तास वर्गाचा स्वतःचा असतो. एकेकाने आलटून पालटून घरून केक आणायचा, आणि आठवडाभरात जे बिघडलं असेल ते खाता खाता बोलून टाकायचं. या शुक्रवारी नंबर बेंटेचा होता. केकसाठीचं खोबरं तिने आधीच आणून ठेवलं होतं. प्रेबेनने जन्मभर बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. केक त्याने पहिल्यांदाच केला.

"करपलाय," माल्टे नावाचा मुलगा म्हणाला. शेजारणीने त्याला कोपर मारलं.

"खालून करपलाय," प्रेबेन म्हणाला. "वरचा खा."

"चालेल. बेंटेचा तर मध्ये कच्चाच राहायचा."

वर्ग हसला. मग आपण हसलो म्हणून गप्प झाला. एका उंच मुलीने सुरी उचलली.

"मी कापते, प्रेबेन. मी टिल्डे."

नाव ऐकून प्रेबेन तिच्याकडे बघतच राहिला. जानेवारीत एका संध्याकाळी बेंटे जेवली नव्हती. वर्गातली टिल्डे शाळेत यायची बंद झालीय, एवढं तिने सांगितलं होतं. सकाळच्या गाण्यात टिल्डेचा सूर घसरला. कुणीतरी ते फोनवर टिपलं, मागे बकरीचं ओरडणं चिकटवलं, आणि दुपारपर्यंत ते गावभर फिरलं. "मुख्याध्यापकांना सांग," प्रेबेन म्हणाला होता. "सांगितलं. आईबापांनाही बोलावलं. पुसायला लावलं, माफी मागायला लावली," बेंटे म्हणाली. "पण पोरगी अजून घरातच बसलीय." पुढे काय झालं, ते तिने कधी सांगितलं नाही.

"तू परत कशी आलीस?" प्रेबेनने विचारलं.

टिल्डेने माल्टेकडे पाहिलं. माल्टेने हातातली बशी खाली ठेवली.

"ती बकरी मी चिकटवली होती," तो म्हणाला. "माफी मागायला तिच्या घरी गेलो, तर तिने दारच उघडलं नाही. मग एक दिवस सकाळच्या गाण्याला बेंटे पुढे आली. पियानो थांबवायला लावला. सगळ्यांना म्हणाली, फोन काढा आणि मला टिपा. आणि एकटी गायली. पूर्ण गाणं."

"बेंटे?" प्रेबेन म्हणाला. "गायली?"

"भयंकर गायली," मागून कुणीतरी म्हणालं. "माझी बकरी बरी, असं माल्टेला वाटलं असेल."

"गप रे," माल्टे म्हणाला. पण तोही हसत होता. "सूर इकडे, ती तिकडे. मी पहिल्याच रांगेत होतो, एकेक चूक ऐकली. पण थांबली नाही. शेवटी म्हणाली, 'हा माझा आवाज. याला काय चिकटवायचं ते चिकटवा आणि पाठवा गावभर.'"

"मग?"

"कुणीच नाही पाठवलं. मी पाठवलं, पण फक्त हिला. काहीही न चिकटवता."

"मी ते तीनदा ऐकलं," टिल्डे म्हणाली. "दुसऱ्या दिवशी आले. बेंटेच्या शेजारी उभी राहून गायले. म्हटलं, हिच्या शेजारी माझं गाणं बरं वाटेल."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी मध्येच थांबला नाही.

"घरी पण अशीच गायची का हो?" माल्टेने विचारलं. "तुम्ही कसं सहन केलंत?"

प्रेबेनने खुर्ची ओढली आणि बसला.

"ती घरी कधीच गायली नाही," तो म्हणाला. "मी तिचं गाणं ऐकलेलंच नाही."

मग त्याने सांगितलं. बेंटे दहा वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर रांगेतून बाहेर काढलं होतं. म्हणाल्या होत्या, तू आवाज काढू नकोस, फक्त ओठ हलव. तेव्हापासून ती ओठच हलवत आली. चर्चमध्ये. नाताळच्या झाडाभोवती. प्रेबेनच्या साठीला सगळे उभं राहून गात होते, तेव्हा ती वाढदिवसाला हातात धरतात तो छोटा झेंडा नुसता हलवत होती. मुलाच्या पाळण्याशीसुद्धा प्रेबेनच गायचा.

सांगताना त्याची मान वाकली नाही. उलट ताठ झाली.

"उद्या चर्चमध्ये आम्ही तेच गाणं म्हणणार आहोत," टिल्डे म्हणाली. "तुम्हीपण मोठ्याने म्हणा."

"उद्या मला नाही जमायचं, पोरी."

"बेंटेला तरी कुठे जमत होतं?"

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पहिला सूर टिल्डेने एकटीने लावला. तो जरा घसरला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. दुसरी ओळ माल्टेने उचलली, आणि तिसऱ्या ओळीला प्रेबेनचा घोगरा आवाज सगळ्यांच्या वर गेला. बेंटेला माती दिल्यावर शाळेचा झेंडा रिवाजाप्रमाणे पुन्हा टोकापर्यंत चढवला. तो मुलांनी चढवला.

संध्याकाळी माल्टेने प्रेबेनच्या फोनवर बेंटेचं ते गाणं पाठवलं. काहीही न चिकटवता.

कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालणाऱ्या शेजाऱ्याला प्रेबेनने सांगितलं, माझी बायको सगळ्या शाळेसमोर एकटी गायली. पोस्टमनला सांगितलं. बंदरावर सगळ्यांना सांगितलं.

गाणं फोनमध्ये आहे. ते ऐकायचं मात्र अजून राहिलंय.