डावा कौल

उजव्या खांद्यावरचं फूल जरासं हललं, पण पडलं नाही. देवळातल्या साऱ्यांचे श्वास अडकले.

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली होती आणि खणखणीत आवाजात सवाल घातला होता, "आई, धोंडूच्या लेकीनं परत नॉर्वेला जावं का?" उजवं फूल आधी पडलं तर हो. डावं पडलं तर नाही.

त्या लेकीचा, तेजस्वीचा, तिथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम मागच्या महिन्यात संपला. निरोपाच्या दिवशी सोबतची मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. ही एकटी कोरडी. सगळे संपलं म्हणत होते आणि हिला वाटत होतं, आत्ता कुठे सुरू झालं. हर्णेच्या होडी हाकणाऱ्या तांडेलाची पोर, समुद्र तिला नवा नव्हता. पण त्याला इतके प्रश्न विचारता येतात हे तिला तिथे कळलं. तिथल्याच एका बोटीवर मासळीच्या अभ्यासाची नोकरी चालून आली होती. होकार आजच कळवायचा होता.

आई सगुणा पहिल्या दिवसापासून म्हणत होती, पुरे झालं ते परदेश. धोंडूने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "देवीला इचारू. ती म्हणेल तसं," इतकंच बोलला. तेजस्वी कबूल झाली. धोंडूपुढे दुसरं काही चालवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

कौल म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. गेल्या वर्षी हंगामाच्या तोंडावर कौल डावा आला, तर बाकीच्यांनी पुन्हा लावून घेतला, उजवा मिळवला आणि होड्या लोटल्या. धोंडू म्हणाला, "आईला एकदाच इचारायचं. दोनदा इचारणं म्हंजे तिला खोटी पाडणं." त्याची होडी वाळूतच राहिली. बाकीच्यांच्या पापलेटने भरून आल्या. लोक हसले. तो रोज किनाऱ्यावर येऊन समुद्राकडे बघत बसे आणि कुणाशी अवाक्षर बोलत नसे.

फूल पडलं. डावं.

सगुणाने डोळे मिटून हात जोडले. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं, पोरगी घरी ऱ्हायली."

तेजस्वीने वाद घातला नाही. "बरं बाबा, कळवते त्यांना," म्हणाली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. फोन हातात तसाच राहिला. माडांच्या पलीकडे समुद्र दिसत होता, त्याच्याकडे ती नुसती बघत राहिली. आता खरंच संपलं होतं.

धोंडू तिच्याकडे बघत होता. ते बसणं त्याच्या ओळखीचं होतं. असं बसलेल्या माणसाच्या आत काय चालतं, ते गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

गुरव फुलं उचलायला वाकला.

"थांब, शिवा." धोंडू पुढे सरसावला. "परत लाव."

शिवा गुरव बघतच राहिला. "तू सांगतोस हे?"

"मी सांगतो. सवाल फिरव. पोरीला हितंच ठेवावी का, असं इचार."

सगुणाने नवऱ्याकडे चमकून पाहिलं. तो तिच्याकडे बघेना. ओली फुलं पुन्हा खांद्यांवर चढली. शिवाने नवा सवाल घातला. आता उजवं म्हणजे राहावं, डावं म्हणजे जावं. जन्मभर देवीकडे उजवंच मागत आलेला धोंडू गुडघ्यांवर बसला, त्याने कपाळ जमिनीला टेकवलं आणि पुटपुटला,

"आये, पुन्हा डावंच दे गो."