एथेलची घडी

एथेल थर्ल्बीनं घडी घातलेलं पॅराशूट उघडलं नाही, असं लिंकनशायरच्या त्या विमानतळावर अख्ख्या युद्धात एकदाही घडलं नव्हतं. जीव वाचलेला वैमानिक घडी घालणारीकडे यायचा आणि तिचा हात हातात घेऊन आभार मानायचा, अशी तिथली रीत होती. एथेलच्या हाताला असे कितीतरी हात लागले होते.

युद्ध संपून चार वर्षं झाल्यावर सरावाचं एक विमान दलदलीत कोसळलं. वैमानिक पिकर्ड विमानातच मेला. त्याचं पॅराशूट घडीसकट परत आलं.

"उघडलंच नसेल," कँटीनमध्ये कुणीतरी पुटपुटलं.

"उडी मारायला उसंतच नाही मिळाली त्याला!" एथेल कडाडली. "माझ्या घडीला बोल लावायचा नाही. चला, डोळ्यांनी बघा!"

पॅराशूटं वाळत घालायच्या उंच दालनात, भर दुपारी, सगळ्यांदेखत तिनं ते कप्पीवर चढवलं आणि दोरी ओढली. रेशीम सळसळत मोकळं झालं. कुठे गाठ नाही, गुंता नाही.

"पाहिलंत?"

खिडक्या बंद होत्या, तरी रेशीम फुगू लागलं. दोऱ्या ताठ झाल्या. वजन आल्यासारखी कप्पी कुरकुरली.

"एथेल, बाहेर चल गं," सोबतीण मेव्हिस दारातून म्हणाली. बाकीचे केव्हाच पळाले होते.

"का म्हणून? नीट उघडलंय माझं पॅराशूट."

रिकामे पट्टे जमिनीशी आले. बक्कल खटकन सुटलं. ओले बूट वाजत तिच्यासमोर येऊन थांबले.

एथेलनं एप्रनला हात पुसला आणि रीतीप्रमाणे पुढे केला. तो कुणीतरी गार, चिखलभरल्या हातात घेतला. एथेलची मान ताठच होती.

आभार मानून झाले, तरी हात सुटेना.