चौदा ऑगस्टची पिशवी

नव्या शहरासाठी सरकारने गावाच्या जमिनी घेतल्या त्या वर्षी बळीरामने पंधरा ऑगस्टला आलेल्या मंत्र्याला काळा झेंडा दाखवला होता. एकदाच. तेव्हापासून दर चौदा ऑगस्टला संध्याकाळी पोलिसांची जीप दारात येई, त्याला उचलून नेई आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे पनवेलबाहेर पडले की सोडून देई. बायको चंद्रावतीही सरावली होती. चटणी-भाकरी, चादर आणि तंबाखूची डबी घालून ती पिशवी ओट्यावर तयार ठेवायची.

१९९४ साली मात्र दिवेलागण झाली तरी जीप आली नाही.

"बिघडली आसंल," चंद्रावती म्हणाली. "नायतर तुमी म्हातारे झाले, त्यांना समजलं."

बळीराम शर्टाची बटणं लावून बसून राहिला. शेवटी ओळखीचा हवालदार सायकलवरून आला. बळीरामने पिशवी उचलली.

"ठेवा ती, दादा. यंदा तुम्ही घरीच. तुमच्या निकेशने साहेबांना हमी दिलीय, बाबा काही करणार नाहीत म्हणून."

"माझ्या पोरानं? त्याचा काय संबंध?"

"सांगितलं नाही त्याने? उद्याच्या झेंडावंदनाच्या मांडवाचं काम त्यालाच मिळालंय. खांदा कॉलनीत, तुमच्या जुन्या शेतावरच तर आहे."

 बळीरामने पिशवी खाली ठेवली नाही.


"इतकी वरसं तुमी मला उगाच नेलंत, हवालदार," तो म्हणाला. "यंदा खरंच न्या."